दोन दिवसांत स्वीकारलेला निबंध

विद्यापीठ अनुदान आयोगाने, म्हणजे यूजीसीने, फेब्रुवारी २०२५ मध्ये मान्य जर्नलांची केअर यादी बंद केली आणि तालुक्याच्या कॉलेजांतला एक आधार गेला. मी निमोण्याची, शिरूर तालुक्यातल्याच एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. "मॅडम, हे जर्नल केअरला आहे का?" असं प्राध्यापक विचारायचे आणि मी यादी उघडून दाखवायची. आता जर्नल चांगलं की वाईट, हे ज्याचं त्याने, फार तर कॉलेजने ठरवायचं.

यादी मुळात का लागली? यूजीसीच्या २०१० च्या नियमांनी प्राध्यापकांच्या बढतीला एपीआयचे, म्हणजे शैक्षणिक कामगिरीचे, गुण जोडले. पेपर म्हणजे पॉइंट, असा हिशेब सुरू झाला आणि पैसे घेऊन काहीही छापणाऱ्यांचं फावलं. मग यूजीसीने मान्यताप्राप्त जर्नलांची यादी काढली, तर त्यातही हीच मंडळी घुसली. ते उघडं पाडलं आपल्या पुण्यात. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातले डॉ. भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी विद्यापीठांच्या शिफारशीवरून यादीत आलेली १,००९ जर्नलं तपासली. त्यांतली ८८ टक्क्यांहून अधिक कमी दर्जाची असू शकतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. कुणाचा पत्ता सापडेना, कुणी संपादकांची नावंच दिली नव्हती, कुणाचा इम्पॅक्ट फॅक्टर खोटा. हा अभ्यास २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये आला. त्याच वर्षी यूजीसीने ४,३०५ जर्नलं यादीतून काढली आणि २०१९ मध्ये केअर यादी सुरू केली.

पैसे घेणं हा गुन्हा नाही. निबंध सगळ्यांना फुकट वाचता यावा म्हणून अनेक चांगली जर्नलंही लेखकाकडून शुल्क घेतात. गुन्हा आहे तो न वाचता छापण्याचा. विषयातल्या जाणकारांनी निबंध आधी वाचायचा, आकडे कुठून आले, निष्कर्ष त्यातूनच निघतो का, हे विचारायचं, याला पीअर रिव्ह्यू म्हणतात. चूक नंतर उघड झाली तर संपादकाने निबंध जाहीरपणे मागे घ्यायचा. जर्नलांच्या संपादकांनी १९९७ साली ब्रिटनमध्ये ‘कोप’ ही समिती स्थापली, ती अशाच प्रश्नांत एकमेकांना सल्ला देण्यासाठी.

गावातला एक मुलगा घोड नदीकाठच्या ऊसशेतीवर पीएच.डी. करतोय. तासिका तत्त्वावर शिकवतो, सुट्टीत पगार नाही. त्याने एका जर्नलकडे निबंध पाठवला आणि दोन दिवसांत ईमेल आला: निबंध स्वीकारला, शुल्क भरा, याच अंकात घेतो. मुखपृष्ठावर आयएसएसएन, म्हणजे नियतकालिकाचा नोंदणी क्रमांक, ठसठशीत होता. आम्ही दोघांनी कागद घेऊन तो तपासला.

हा क्रमांक आठ अंकी असतो. पहिल्या सात अंकांना डावीकडून अनुक्रमे ८, ७, ६, ५, ४, ३, २ यांनी गुणायचं, बेरीज करायची आणि ११ ने भागायचं. उरलेली बाकी ११ मधून वजा केली की आठवा अंक मिळतो. ‘करंट सायन्स’चा क्रमांक आहे ००११-३८९१. पहिल्या सात अंकांची बेरीज येते ६५, बाकी १०, म्हणून शेवटचा अंक १. त्या ईमेलवाल्या जर्नलचा शेवटचा अंक जुळेना. अर्थात जुळला असता तरी मी भरवसा ठेवला नसता. आयएसएसएन ही नुसती नोंदणी आहे, दर्जाची हमी नाही. मागचे अंक उघडून वाचावेच लागतात. या जर्नलच्या एकाच अंकात दंतवैद्यक, संत साहित्य आणि सिमेंट काँक्रीट शेजारीशेजारी होतं. इतक्या विषयांचे निबंध दोन दिवसांत तपासणारे जाणकार कुठून आणणार?

मला राग येतो तो याचा. या पोराने पाण्याच्या पाळीला शेतकऱ्यांना बांधावर गाठून माहिती जमवली आहे. ती अशा अंकात गेली असती, तर पुढच्या अभ्यासकाने तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नसतं. शहरातल्या संशोधकाला सावध करायला गाईड असतो, सिनियर असतात. घरात पहिल्यांदाच कुणी संशोधन करतंय, त्याला सांगणार कोण? यादी बंद करण्याआधी कॉलेजा-कॉलेजांत हे शिकवायला हवं होतं. पीएच.डी.च्या कोर्सवर्कमध्ये प्रकाशन-नीतीचा दोन क्रेडिटचा अभ्यासक्रम आहे खरा, पण प्राध्यापकांचं काय?

त्याने पैसे भरले नाहीत. निबंध दुसरीकडे दिला आणि चार महिन्यांनी परीक्षकांचं पत्र आलं: ठिबकवरच्या आणि पाटपाण्यावरच्या उसाचे आकडे वेगळे दाखवा. मागणी अगदी रास्त आहे. प्रबंधाआधी निबंध छापून आणण्याची सक्ती यूजीसीने २०२२ मध्येच काढली, त्यामुळे त्याचं अडलेलं नाही. आकडे वेगळे करायला तो पुन्हा शेतकऱ्यांना भेटतोय.