हायब्रिड गाडीचे गिअर ऑइल: खालचा नट उघडण्याआधी वरचा उघडा

आमच्या ओळखीचे काही तरुण कार्यकर्ते कर्ज काढून टॅक्सी चालवतात. गॅरेजचे बिल वाचावे म्हणून किरकोळ कामे ते घरीच करतात. त्यातल्या ज्यांच्याकडे हायब्रिड गाडी आली, त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: गिअर ऑइलची डिपस्टिक कुठे आहे?

आधी आपली गाडी कोणती हायब्रिड आहे ते पाहावे. मारुतीच्या ‘स्मार्ट हायब्रिड’ गाड्यांत नेहमीचाच गिअरबॉक्स असतो. हायरायडर, हायक्रॉस किंवा ग्रँड व्हिटाराचे स्ट्राँग हायब्रिड मॉडेल यांची गोष्ट वेगळी. 1997 साली जपानमध्ये आलेल्या प्रियसपासून चालत आलेल्या या रचनेत क्लच नाही, पट्टा नाही. इंजिन आणि दोन विद्युत मोटारी दातेरी चक्रांच्या एका संचाने जोडलेल्या असतात. मोटारी त्याच पेटीत असल्याने तिथले तेल चक्रांना वंगण देते, शिवाय मोटारी थंड ठेवते. म्हणून ‘ऑटोमॅटिकचे कोणतेही तेल चालते’ हा सल्ला ऐकू नये. जुन्या प्रियसला टोयोटाचे ‘एटीएफ डब्ल्यूएस’ लागते, पण नव्या मॉडेलला तेच चालेल असे धरू नका. मॅन्युअलमध्ये लिहिलेले तेलच घ्या.

डिपस्टिक नसल्याने पातळी पाहायची ती गाडीखाली जाऊन. इथेच जिवाचा प्रश्न येतो. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही शिरू नये, कितीही घाई असो. सपाट, पक्क्या जमिनीवर चारही बाजूंना स्टँड लावून गाडी समतल ठेवावी. एकच बाजू उचलली तर पातळी चुकीची दिसते. गाडी पूर्ण बंद करून चावी लांब ठेवावी, कारण ‘रेडी’ स्थितीत इंजिन आपोआप सुरू होऊ शकते. नारिंगी केबलला हात लावू नये, तिच्यात जीवघेणा दाब असतो.

आता वरचा, म्हणजे तेल भरायचा नट उघडा. तो निघाल्याशिवाय खालच्याला हात नको. तेल सांडून गेले आणि वरचा नट अडकला, तर गाडी जागच्या जागी बसली. वरच्या भोकाच्या खालच्या कडेशी तेल लागले तर पातळी ठीक. कमी असेल तर पंपाने किंवा लांब नळीच्या नरसाळ्याने, कडेवरून ओघळू लागेपर्यंत हळूहळू भरा. मग थोडे थांबून जास्तीचे निथळू द्या, नवीन वायसर टाकून नट मॅन्युअलमधल्या मापाने कसा.

बोनेटखालच्या पारदर्शक डब्यातले गुलाबी पाणी म्हणजे गिअर ऑइल नव्हे, तो इन्व्हर्टरचा कूलंट. आमच्यापैकी एकाने हा घोळ जवळजवळ केलाच होता!

तेल बदलत असाल तर काढलेले मोजून ठेवा, साधारण तितकेच परत जायला हवे. जुने तेल डब्यात भरून, वापरलेले तेल गोळा करणाऱ्या गॅरेजला द्या. गटारात ओतलेले तेल शेवटी कोणाच्या अंगाला लागते, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

ही पेटी बंद असते, तेल आपोआप संपत नाही. कमी भरले म्हणजे कुठेतरी गळते आहे; बहुधा एक्सलच्या सीलपाशी. त्यामुळे भरल्यानंतर आठवडाभर रोज सकाळी गाडीखाली पुठ्ठा ठेवून पाहा. डाग दिसला तर सील बदलायचे काम मात्र मेकॅनिककडे.