चूल एकदा, इंधन रोज

गेल्या महिन्यात परिचयातील एका पेढीचा पदवीधर मुलगा प्रकल्प अहवाल घेऊन माझ्याकडे आला. धाराशिवजवळ सुपारीच्या पानांची ताटे, वाट्या व द्रोण तयार करण्याचा छोटा कारखाना काढावा, असा त्याचा मानस आहे. घरी भुसाराची आडत. सोयाबीनचा भाव पडला की शेतकऱ्याच्या हाती पैसा राहत नाही आणि आपली उधारीची वही फुगते, हे तो लहानपणापासून पाहत आला आहे. दुसरा आधार शोधण्यात गैर काहीच नाही. राज्याने 2018 मध्ये आणि केंद्राने 1 जुलै 2022 पासून प्लास्टिकच्या एकदाच वापरावयाच्या ताटांवर बंदी घातल्याने मालाला मागणीही आहे. अहवालात यंत्राचे कोटेशन होते, शेडचा खर्च होता, विक्रीचा सुबक तक्ता होता. पान कोठून येणार, यावर मात्र दीड ओळ!

नोकरीत असताना असे अहवाल पुष्कळ हाताळले. त्या मुलाला मी आपल्याच भागातील एक हकीकत सांगितली.

1993 च्या किल्लारी भूकंपानंतरच्या पुनर्वसनातून दिवंगत प्रेमा गोपालन यांची ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ ही संस्था लातूर-धाराशिव परिसरात रुजली. पुढे बीपी या तेल कंपनीने बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या साहाय्याने ‘ऊर्जा’ नावाची चूल बाजारात आणली. इकडे ती घरोघरी पोहोचविली संस्थेशी जोडलेल्या गावोगावच्या महिलांनी. चुलीत बॅटरीवर चालणारा छोटा पंखा. जळण म्हणजे बगॅस, भुईमुगाची टरफले अशा शेतकचऱ्याच्या, दाबून केलेल्या कांड्या. धूर अत्यल्प. महाराष्ट्र, कर्नाटक आदी राज्यांत मिळून अशा 4 लाखांहून अधिक चुली खपल्या. कोणत्याही व्यापाऱ्याला हेवा वाटावा असा हा आकडा!

परंतु चूल एकदाच विकली जाते, कांड्या रोज लागतात. साखर कारखाने बगॅसवर वीज तयार करू लागले आणि काल जो कचरा होता त्याला भाव आला. कांड्या महागल्या. गृहिणीचा हिशेब सरळ असतो. कोणी पुन्हा सरपणाकडे वळली, कोणी गॅसकडे. 2009 मध्ये बीपीने या व्यवसायातून अंग काढून घेतले. तो हाती घेणाऱ्या पुण्याच्या फर्स्ट एनर्जीने पुढे हॉटेले व खानावळींकडे मोर्चा वळविला. वस्तू चांगली होती, विकणाऱ्या महिला विश्वासाच्या होत्या. कच्च्या मालाची किल्ली तेवढी दुसऱ्याच्या कमरेला होती.

याच संस्थेशी जोडलेल्या हिंगळजवाडीच्या कमल कुंभार यांनी बांगड्या विकण्यापासून सुरुवात केली. सौरदिव्यांसारखी ऊर्जेची साधने त्यांनी विकली, कोंबड्या-शेळ्याही पाळल्या. एका मालावर त्या विसंबल्या नाहीत. 8 मार्च 2022 रोजी राष्ट्रपतींच्या हस्ते त्यांना नारीशक्ती पुरस्कार मिळाला.

आता पुन्हा सुपारीच्या पानाकडे. हे पान म्हणजे पोफळीच्या झावळीचा देठाकडील रुंद भाग. आपल्याकडे पोफळीच्या बागा नाहीत. माल कोकणातून किंवा कर्नाटकातून आणावा लागणार. शिवाय पावसात पान बुरशी धरते, म्हणून कोरड्या दिवसांतच ते गोळा करून वाळवून ठेवावे लागते. म्हणजे वर्षभर यंत्र चालवायचे तर पावसाळ्यापूर्वी कित्येक महिन्यांचा साठा रोखीने भरणे आले. हे खेळते भांडवल अहवालात नव्हतेच.

“अनुदान मिळेल ना, काका,” तो म्हणाला. मिळेल. जैन समाजाला 2014 पासून अल्पसंख्याक दर्जा असल्याने पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात स्वतःचा हिस्सा 5 टक्के आणि ग्रामीण भागात अनुदान 35 टक्के. मात्र ही रक्कम तीन वर्षे बँकेत ठेवीच्या रूपाने अडकलेली राहते. तिने पान विकत घेता येत नाही. बहुतेकांना हे पहिला हप्ता थकल्यावर उमगते, आणि मग शिव्या बँकेला!

तो थोडा हिरमुसला. पळसाच्या पत्रावळीचा विचार केलास का, असे मी सहज विचारले. पळस आपल्या बालाघाटाच्या डोंगरांत आहे. पण पाने वेचणारी माणसे मिळतील का आणि त्यांना रोज किती द्यावे लागेल, हे त्यालाही सांगता येईना, मलाही नाही. दोन्ही पानांचे, वाहतुकीसह आणि चार महिन्यांच्या साठ्यासह, आकडे घेऊन येतो म्हणाला. यंत्राची आगाऊ रक्कम तूर्त दिलेली नाही.