माणशी पंचवीस लाख मुंग्या

2022 साली शास्त्रज्ञांनी जगभरच्या मुंग्यांचा अंदाज बांधला. आकडा निघाला दोनावर सोळा शून्यं. वाटणी केली तर माणशी 25 लाख मुंग्या येतात. 2011 च्या जनगणनेत अख्ख्या पिंपरी-चिंचवड महापालिकेची लोकसंख्या 17 लाख 27 हजार होती. याच शहरातल्या दिघीतल्या एकट्या माणसाच्या वाट्याच्या मुंग्या त्याहून जास्त! मातीतल्या सूत्रकृमींचा हिशेब तर माणशी 5,700 कोटींवर जातो.

पहिल्या पावसानंतर दिघीच्या दत्तगडाच्या चढावर एखादा चपटा दगड हळूच उचलून पाहा. पांढरट वाळवीची पळापळ होते, गोम ओल्या मातीत शिरते, मुंग्या अळ्या तोंडात धरून बिळाकडे धावतात. वाळलेल्या गवताची माती हीच मंडळी करतात, तितराची पिल्लं यांच्यावरच वाढतात. दगड मात्र होता तसाच परत ठेवा.

किडे इतके आहेत, ते काय संपणार? हा समजच घातक आहे. जर्मनीत क्रेफेल्डच्या हौशी कीटक अभ्यासकांनी 1989 पासून 27 वर्षं, 63 ठिकाणी सापळे लावून उडत्या किड्यांचं वजन केलं. ते 76 टक्क्यांनी घटलं होतं, आणि ही सगळी ठिकाणं संरक्षित होती. भोसरी एमआयडीसीला खेटून असलेल्या आपल्या माळांना तेवढंही कवच नाही. जगात 10 लाखांहून अधिक कीटकजातींना नावं मिळाली, पण धोक्यातल्या जातींची नोंद ठेवणाऱ्या आययूसीएनच्या लाल यादीसाठी त्यांतल्या जेमतेम एक टक्का जाती तपासल्या गेल्या. पक्ष्यांच्या मात्र जवळपास सगळ्या. बिबट्या दिसला की बातमी होते. किडे कमी झाले तर तक्रार तरी कोण करणार?

तरी एक आकडा उमेद देतो. 2020 मध्ये जगातल्या 1,676 ठिकाणच्या नोंदी एकत्र तपासल्या, तेव्हा जमिनीवरचे कीटक दशकाला 9 टक्क्यांनी घटताना दिसले, पण गोड्या पाण्यातले 11 टक्क्यांनी वाढत होते. नद्या स्वच्छ करण्याच्या प्रयत्नांचा त्यात मोठा वाटा असावा, असं अभ्यासकांना वाटतं. चतुराची पिल्लं पाण्यातच वाढतात, डासांच्या अळ्या खातात. दिघीच्या शेजारी, आळंदीत, इंद्रायणी मात्र फेसाळते. प्रक्रिया न केलेलं सांडपाणी नदीत सोडणं बंद करा, ही मागणी वारीपुरती ठेवू नका. ती बाराही महिने लावून धरा.