ना पगार, ना रोज!

जबलपूरच्या सिविल लाइंसमधल्या मराठी घरी पाहुणे आले, की भेडाघाटची सहल ठरलेलीच. संगमरवरी कडे पाहायच्या घाईत वाटेवरचं तेवर मात्र मागे पडतं. हे तेवर म्हणजे कलचुरी राजांची राजधानी त्रिपुरी! १९५२च्या सुमारास डॉ. मोरेश्वर दीक्षित यांनी सागर विद्यापीठातर्फे इथं उत्खनन केलं.

उत्खनन म्हटलं की दोन प्रकारची माणसं डोळ्यांसमोर येतात. वही-टेप घेतलेले पगारी तज्ज्ञ आणि टिकाव-घमेली घेतलेले रोजावरचे मजूर. मुरलेल्या मजुराला कमी लेखू नका हं! माती भुसभुशीत लागली, थर बदलला, हे त्याच्या हाताला आधी कळतं. पण ना पगार, ना रोज, तरीही उन्हात पाय भाजून घेणारा हौशी माणूस यात कुठं बसतो?

त्यासाठी कोकणात, रत्नागिरी जिल्ह्यातल्या सड्यांवर जायला हवं. तिथल्या जांभ्या दगडात हत्ती, मासे, माणसं कोरलेली आहेत. कशेळीचा हत्ती तर सुमारे अठरा मीटरचा! गावकऱ्यांना यातली काही चित्रं ठाऊक होती, पण बहुतेकांची नोंद कुठंच नव्हती. सुधीर रिसबूड आणि त्यांच्या हौशी सहकाऱ्यांनी हे सडे पायी तुडवले. गावोगावी चौकशी केली. शाळेतल्या मुलांना सांगितलं, 'घरी आजी-आजोबांना विचारून या.' शेकडो चित्रं उजेडात आली. राज्याचं पुरातत्त्व खातंही अभ्यासाला उतरलं आणि २०२२ साली कोकण-गोव्यातली अशी नऊ ठिकाणं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली.

एवढ्या अफाट सड्यांवर पगारी माणसं नेमणं कुणाला परवडणार? पण एकट्या हौसेवरही भागत नाही. हौशी माणूस सुटीच्या दिवशी येतो. चिरेखाण रोज चालते. तिथं अधिकाराचा कागद आणि पगारी राखणदारच हवा. आणि खणणं? ते तर हौशी माणसानं मुळीच करू नये. एकदा उकरलेला थर पुन्हा रचता येत नाही. संरक्षित जागी परवान्यावाचून कुदळ मारणं हा गुन्हाच आहे.

पुढच्या सहलीत तेवरला जरूर थांबा. एखादा कोरीव दगड दिसला, तर दिवाणखान्यासाठी उचलू नका. जागेवरच फोटो काढा, जवळची खूण लिहून घ्या आणि जबलपूरच्या राणी दुर्गावती संग्रहालयात कळवा. मुलांना बरोबर न्या. त्यांची नजर आपल्याहून तीक्ष्ण असते.