मेलबर्नची मिटलेली स्टेशनं

मेलबर्न शहरात एक रेल्वेमार्ग असा होऊन गेला, की तो बांधण्याचं कारण त्यावरून पहिली गाडी धावण्याच्या अकरा-बारा वर्षं आधीच संपलं होतं. तरी तो बांधला गेला. त्यावर स्टेशनं उभी राहिली, फलाट झाले, यारा नदीवर लोखंडी पूल बांधला गेला. आणि उत्तरेकडच्या टप्प्यावर दोन वर्षांत सगळं बंद.

या मार्गाचं नाव आउटर सर्कल. 1870च्या दशकात पूर्वेकडच्या गिप्सलँड भागातून सरकारी रेल्वे शहराकडे येत होती, पण ओकलीपाशी येऊन ती अडली. ओकलीच्या पुढे शहरात शिरायची वाट एका खासगी कंपनीच्या मार्गावरून जात होती. कंपनीच्या दाराशी तिष्ठत बसण्यापेक्षा शहराला उत्तरेकडून वळसा घालून सरकारी गाड्या सरकारी रुळांवरूनच शहरातल्या स्पेन्सर स्ट्रीट स्टेशनला न्याव्यात, असा विचार पुढे आला. वळसा लांबचा होता, पण त्याला काही अर्थ होता. 1878 मध्ये सरकारने ती कंपनीच विकत घेतली. 1879 मध्ये ओकली ते साउथ यारा हा सरळ जोडमार्ग सुरू झाला. वळशाची गरज तिथेच मिटली.

मग 1890 मध्ये तो बांधला का? जमिनीसाठी. 1880च्या दशकात मेलबर्नला जमिनीच्या व्यवहारांचं वेड लागलं होतं. सोन्याच्या खाणींतून आलेला पैसा आणि लंडनहून येणारं कर्ज शहराबाहेरच्या कुरणांवर ओतलं जात होतं. कुरणाचे तुकडे पाडायचे, नकाशा छापायचा आणि त्यावर ठळक अक्षरांत लिहायचं, ‘नियोजित स्टेशनजवळ’. जमीन विकणाऱ्या कंपन्यांचे संचालक आणि विधिमंडळात रेल्वेमार्ग मंजूर करणारे आमदार ही पुष्कळदा एकच माणसं असत. 1881 ते 1883 या काळात रेल्वे खातं सांभाळणारा टॉमस बेंट हा स्वतः जमिनींचा मोठा व्यापारी. पुढे तो राज्याचा प्रीमियरही झाला आणि ब्रायटनमध्ये त्याचा पुतळा आजही उभा आहे. 1884 मध्ये विधिमंडळाने एकाच कायद्याने पन्नासहून अधिक मार्गांना मंजुरी दिली. चहूकडे हातपाय पसरणाऱ्या त्या कायद्याला लोकांनी ‘ऑक्टोपस कायदा’ असं नाव ठेवलं. आउटर सर्कल त्यातलाच.

मार्ग ओकलीहून निघून कॅम्बरवेलला जुन्या मार्गाला भेटायचा आणि पुढे नदी ओलांडून फेअरफिल्डला जायचा. उत्तरेकडच्या टप्प्यात शेनली, डीपडीन, ईस्ट क्यू, विल्समिअर, फुलहॅम ग्रेंज अशी स्टेशनं होती. नावं भारदस्त, पण उतरायला माणूस नाही, कारण घरंच नव्हती. शिवाय शहराला वळसा घालणाऱ्या गाडीचा रोज शहरात कामाला जाणाऱ्याला काय उपयोग? 1891 मध्ये मार्ग पूर्ण झाला तोवर जमिनीचा फुगा फुटायला लागला होता. 1893 मध्ये एकामागून एक बँकांनी दारं लावली आणि त्याच वर्षी उत्तरेकडच्या गाड्या थांबल्या. दक्षिणेकडचा भागही पुढच्या काही वर्षांत गेला.

खरी गंमत त्यानंतरची. कॅम्बरवेल ते ॲशबर्टन हा तुकडा 1898 मध्ये पुन्हा सुरू झाला आणि 1948 मध्ये अलामेनपर्यंत वाढला. तो आजही चालू आहे. दुसऱ्या बाजूला 1900 मध्ये डीपडीनपर्यंत एक छोटी गाडी सुरू झाली. शहरातले बाकीचे मार्ग विजेवर गेले तरी ही आपली वाफेवरच. लोकांनी तिला थट्टेने ‘डीपडीन डॅशर’, म्हणजे सुसाट धावणारी, असं नाव दिलं होतं. 1927 मध्ये तिच्या जागी बस आली. त्यापुढे 1943 पर्यंत मालगाड्या येत-जात राहिल्या. आणि दुर्दैव असं, की डीपडीन, ईस्ट क्यू या भागांत घरं दाट झाली ती गाडी गेल्यावर. अगोदर स्टेशन होतं तेव्हा माणसं नव्हती, माणसं आली तेव्हा स्टेशन नव्हतं. लग्नाचा मांडव वऱ्हाड येण्याआधीच उतरवावा, तसा हा प्रकार.

याहून एक पाऊल पुढे गेलेला मार्ग म्हणजे रॉसटाउन रेल्वे. विल्यम मरे रॉस नावाच्या उद्योजकाला बीटपासून साखर करायची होती. त्याने कारखाना बांधला आणि कारखान्यासाठी एल्स्टर्नविक ते ओकली असा मार्गही टाकला. साखर कधी झाली नाही आणि मार्गावरून नियमित गाडी कधी धावली नाही. रॉस बुडाला. त्याचं नाव लावणारं रॉसटाउन 1909 मध्ये कार्नेगी झालं. अमेरिकी धनाढ्य अँड्रू कार्नेगीकडून वाचनालयासाठी पैसे मिळतील या आशेने नाव बदललं, असं तिथे सांगतात. बंद झालेल्या मार्गांच्या यादीत न चाललेल्या मार्गाला जागा द्यावी की नाही, हा प्रश्नच आहे. मला तरी तो यादीत शोभतो.

बंद पडलेलं स्टेशन पाहिलं की ते मुळात कुणासाठी बांधलं होतं, ते उघडं पडतं. चालू स्टेशनात सगळ्यांचीच गर्दी असते, त्यामुळे ते कळत नाही. रिचमंडजवळच्या क्रेमॉर्न स्टेशनचंच बघा. जॉर्ज कॉपिन हा नाटकवाला यारेच्या काठी करमणुकीची मोठी बाग चालवत असे. रोषणाई, आतषबाजी, नाचगाणी, सगळं काही. ऑस्ट्रेलियातलं माणसाला घेऊन उडालेलं पहिलं बलून 1858 मध्ये याच बागेतून वर गेलं. बागेत येणाऱ्यांसाठी 1859 मध्ये स्टेशन उघडलं. कॉपिनचं दिवाळं वाजलं, बाग मिटली आणि 1863 मध्ये स्टेशनही मिटलं. शंभर वर्षांनंतरही हेच. डँडेनाँगच्या पलीकडे 1956 मध्ये जनरल मोटर्सचा मोटारींचा कारखाना उभा राहिला, तेव्हा कामगारांसाठी स्टेशनही उघडलं. त्याचं नावच जनरल मोटर्स. कारखान्याची धडधड थांबली आणि 2002 मध्ये स्टेशन वेळापत्रकातून गेलं. पश्चिमेला तेलशुद्धीकरण कारखान्याच्या कामगारांसाठी मोबिलटाउन होतं, ते 1985 मध्ये गेलं. ज्याच्या हातात एकच गिऱ्हाईक, त्याचं दुकान त्या गिऱ्हाइकाबरोबर उठायचंच.

शहराच्या उत्तरेला इनर सर्कल नावाचा मार्ग होता. रॉयल पार्क ते क्लिफ्टन हिल, 1888 पासून. हायडेलबर्गसारख्या ईशान्येकडच्या वस्तीला शहरात यायला सुरुवातीला सरळ वाटच नव्हती. गाडी स्पेन्सर स्ट्रीटहून निघून उत्तरेला रॉयल पार्क, नॉर्थ कार्लटन, नॉर्थ फिट्झरॉय असं हिंडत कॉलिंगवूडला पोचायची. तिथे इंजिन एका टोकाचं दुसऱ्या टोकाला लावून उलट्या दिशेने पुढे. 1901 मध्ये सरळ मार्ग झाला आणि इनर सर्कलची गर्दी ओसरली. तरीही प्रवासी गाड्या 1948 पर्यंत तग धरून होत्या आणि मालगाड्या 1981 पर्यंत. नॉर्थ फिट्झरॉयचं स्टेशन पाडलं. नॉर्थ कार्लटनचं राहिलं. त्या विटांच्या इमारतीत आता वस्तीचं सामुदायिक केंद्र चालतं आणि रुळांच्या जागी लांबच लांब हिरवी पट्टी आहे. सायकलवाले, कुत्री फिरवणारे, बाबागाडी ढकलणारे आईबाप, सगळे तिथून जातात. मार्ग मोडला, पण जागा सरकारच्या हातात राहिली म्हणून हे झालं.

क्यूमध्ये तसं झालं नाही. हॉथॉर्नहून फुटलेला क्यूचा फाटा अगदी छोटा, त्यावर बार्कर आणि क्यू ही दोनच स्टेशनं. 1887 मध्ये सुरू झाला तो जमिनीच्या वेडाच्या भरातच. ट्राम दारापर्यंत आल्यावर लोक स्टेशनापर्यंत चालत कशाला जातील? 1952 मध्ये प्रवासी गाड्या थांबल्या, 1957 मध्ये फाटा कायमचा बंद झाला. क्यू स्टेशनच्या जागेवर पुढे रस्ते खात्याचं मुख्यालय उभं राहिलं. रेल्वेच्या छातीवर रस्तेवाल्यांचं कार्यालय! याहून बोचरा विनोद कुणी ठरवूनही केला नसता. आज क्यूमधली गर्दी बघून ‘तो फाटा असता तर’ असं म्हणता येतं, पण म्हणण्यापलीकडे काही करता येत नाही.

शहराच्या अगदी मध्यभागी, फ्लिंडर्स स्ट्रीट स्टेशनच्या समोर, रस्ता ओलांडला की प्रिन्सेस ब्रिज नावाचं दुसरं स्टेशन होतं. 1859 पासूनचं. ईशान्येकडच्या गाड्या तिथून सुटत. 1967 मध्ये गॅस कंपनीचे दोन तपकिरी मनोरे त्याच्या डोक्यावर चढले. मेलबर्नकरांनी त्या मनोऱ्यांवर जेवढी नापसंती दाखवली, तेवढी क्वचितच कुठल्या इमारतीवर दाखवली असेल. 1980 मध्ये प्रिन्सेस ब्रिज हे नाव पुसलं आणि त्याचे फलाट फ्लिंडर्स स्ट्रीटच्या आकड्यांत गेले. 1997 मध्ये मनोरे पाडले, 2002 मध्ये तिथे फेडरेशन स्क्वेअर उघडला. आज तिथे पर्यटक छायाचित्रं काढतात आणि पायाखालून लोकल जातात.

फ्लिंडर्स स्ट्रीटचा विषय निघालाच आहे तर मुंबईकरांनी एक दंतकथा ऐकावी. मेलबर्नमध्ये कित्येक लोक ठामपणे सांगतात, की फ्लिंडर्स स्ट्रीटचा घुमटवाला आराखडा खरा मुंबईसाठी होता, लंडनमध्ये नकाशांची अदलाबदल झाली आणि आमचं स्टेशन तुमच्याकडे गेलं. आपलं बोरीबंदरचं स्टेशन 1888 मध्ये बांधून झालं. मेलबर्नची आराखडा स्पर्धा 1899 मधली, जिंकणारे फॉसेट आणि ॲशवर्थ हे दोघंही तिथल्याच रेल्वेचे नोकर, आणि इमारत पूर्ण झाली 1910 मध्ये. अकरा वर्षं आधी बांधून झालेल्या इमारतीचा नकाशा चुकून कुठे जायचा? पण कथा काही मरत नाही.

मुंबईशी आणखी एक नातं तारखांचं आहे. बोरीबंदर-ठाणे गाडी एप्रिल 1853 मध्ये धावली, तर ऑस्ट्रेलियातली वाफेवरची पहिली गाडी सप्टेंबर 1854 मध्ये, फ्लिंडर्स स्ट्रीटहून सँडरिज बंदरापर्यंत. इंग्लंडहून मागवलेली इंजिनं वेळेवर आली नाहीत, म्हणून मेलबर्नमध्येच घाईघाईने एक इंजिन बनवून घेतलं होतं. सँडरिजचं पुढे पोर्ट मेलबर्न झालं. तिथल्या स्टेशन पिअर या धक्क्यावर दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपातून आलेले हजारो निर्वासित बोटीतून उतरले. त्यांतले कित्येक तिथूनच गाडीत बसून थेट बोनेगिलाच्या छावणीत गेले. वाफेच्या गाडीच्या देशातल्या सर्वांत जुन्या या मार्गावरच्या उपनगरी गाड्या 1987 मध्ये बंद झाल्या. 1857 मध्ये सुरू झालेला शेजारचा सेंट किल्डा मार्गही त्याच वर्षी गेला.

पण इथे बंद करण्याची रीत वेगळी होती. रूळ उखडून जागा विकली नाही. रुळांची रुंदी 1600 मिलिमीटरवरून 1435वर आणली, विजेचा दाब ट्रामला साजेसा केला आणि काही महिन्यांत त्याच वाटेवरून ट्राम सोडल्या. आज 96 क्रमांकाची ट्राम सेंट किल्डाला जाते, 109 क्रमांकाची पोर्ट मेलबर्नला. साउथ मेलबर्न, आल्बर्ट पार्क अशा ठिकाणी ट्रामच्या बुटक्या थांब्याशेजारी जुन्या रेल्वेचा उंच फलाट तसाच दिसतो. सेंट किल्डाची जुनी स्टेशनइमारतही शाबूत आहे. काही जुने प्रवासी ट्रामच्या धिम्या चालीवर कुरकुरत राहिले. त्यांच्या कुरकुरीत तथ्य होतं, पण बंद करायचंच असेल तर ते असं करावं, हे मी बेधडक म्हणेन.

अलीकडे स्टेशनं पडतात ती वेगळ्याच कारणाने. मेलबर्नमध्ये रेल्वे आणि रस्ता एकाच पातळीवर छेदणारी फाटकं पुष्कळ होती. 2015 पासून राज्य सरकारने ती काढण्याचा मोठा कार्यक्रम हाती घेतला. 2030 पर्यंत 110 फाटकं काढायची आहेत. रूळ खाली नेले किंवा वर उचलले की जुनं स्टेशन जातं आणि नवं बांधावं लागतं. ऑर्मंड, मॅकिनन, बेंटली असं करत कितीतरी स्टेशनं जमीनदोस्त होऊन नव्या रूपात उभी राहिली. सरे हिल्समध्ये युनियन रोडच्या फाटकावर 2016 मध्ये दोन स्त्रिया रेल्वेगाडीच्या धडकेने गेल्या. तिथे रूळ खंदकात नेताना सरे हिल्स आणि शेजारचं माँट आल्बर्ट ही दोन्ही स्टेशनं बंद करून 2023 मध्ये त्यांच्या मधोमध युनियन हे एकच स्टेशन उघडलं. माँट आल्बर्टची जुनी इमारत जपली. तरी शंभराहून अधिक वर्षं आपल्या गावाचं नाव फलाटावर वाचणाऱ्यांना युनियन हे नाव पचायला जड गेलं. फाटक जाणं रास्तच होतं. दोनाचं एक करणं मात्र मला आजही पटत नाही, कारण शहर दाट होत असताना स्टेशनं कमी करणं हा उलटा हिशोब आहे.

आउटर सर्कलच्या नदीवरच्या पुलाचं काय झालं, हे सांगायचं राहिलं. 1893 नंतर तो नुसता पडून होता. 1930 मध्ये त्यावरून मोटारींचा रस्ता नेला, चँडलर हायवे. 2019 मध्ये शेजारी रुंद पूल झाला, तेव्हापासून जुना पूल पायी जाणाऱ्यांसाठी आणि सायकलींसाठी आहे. मेलबर्नला तुमचं कुणी असेल आणि तुम्ही महिना-दोन महिन्यांसाठी जाणार असाल, तर एक दिवस यासाठी ठेवा. अलामेनच्या गाडीने मार्गाचा जिवंत तुकडा बघा आणि मग सायकल घेऊन फेअरफिल्डकडून जुन्या पुलावरून ओकलीच्या दिशेने निघा. वाटेला ॲनिव्हर्सरी ट्रेल म्हणतात. रेल्वेसाठी आखलेली वाट असल्याने चढ अंगावर येत नाहीत. पाणी मात्र बरोबर घ्या, आणि उन्हाळ्यात जाणार असाल तर सकाळी लवकर निघा.