एका युरोचं घर

एका युरोत घर मिळतंय म्हटलं, तर कुणाचेही कान टवकारतील! इटलीत सिसिली बेटावरच्या सांबुका गावानं २०१९ मध्ये १६ जुनी, पडीक घरं लिलावात काढली. बोली एका युरोपासून! तरुण मंडळी पोटापाण्यासाठी बाहेर गेलेली, घरांना कुलपं. अगदी आपल्या कोकणासारखंच.

पण खरी मेख अटींत होती, बरं का! ५,००० युरो अनामत भरायची आणि तीन वर्षांत घर दुरुस्त करायचं. नाही जमलं तर अनामत बुडाली. अमेरिकन अभिनेत्री लॉरेन ब्राको हिनं तिथं घर घेतलं, तर आत ना पाणी, ना वीज!

अशा घरात आधी छप्पर धरावं, रंगरंगोटी शेवटी. आणि जुन्या दगडी भिंतीला सिमेंटचा गिलावा देऊ नये. त्यानं ओल आतच कोंडते आणि दरजा भुसभुशीत होतात. चुन्याचा गिलावा ओल बाहेर जाऊ देतो. आपल्या वाड्यांनाही हेच लागू.

तेव्हा मैत्रिणींनो, घर सिसिलीतलं असो की सासरच्या गावचं, दुरुस्तीचा अंदाज गवंड्याकडून आधी कागदावर घ्या. किमतीचं मग बघू!