वाक्यसाच्यांच्या आधारे परभाषा : फिनिशचे उदाहरण

परकी भाषा शिकणाऱ्या प्रौढ विद्यार्थ्याची मुख्य अडचण शब्दसंग्रहाची असते, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः तीन-चारशे शब्द तोंडपाठ असूनही ज्यास एक साधे वाक्य बोलता येत नाही, असा विद्यार्थी कोणत्याही भाषावर्गात आढळतो. त्याच्यापाशी शब्द असतात. ते ज्यात बसवावयाचे ती चौकट नसते. याउलट दहा-बारा चौकटी जिभेवर बसलेल्या असल्या तर पन्नास शब्दांवरही दिवसाचा व्यवहार निभावतो. या चौकटींनाच भाषाशिक्षणाच्या परिभाषेत वाक्यसाचे म्हणतात.

या पद्धतीला शास्त्रीय बैठक देण्याचे बरेचसे श्रेय हॅरल्ड पामर या इंग्रज भाषाशिक्षकाकडे जाते. वाक्यातील एक जागा मोकळी ठेवून तेथे एकामागून एक शब्द घालावयाचे, अशा शंभर कोष्टकांचे पुस्तक त्याने १९१६ मध्ये प्रसिद्ध केले. १९२२ मध्ये तो जपानला गेला व तेथील शाळांतील इंग्रजीच्या अध्यापनाची पुनर्रचना करण्यात त्याने पुढील अनेक वर्षे घालविली. ज्याचा शब्दकोश महाराष्ट्रातील इंग्रजीच्या शिक्षकांच्या टेबलावर हमखास असे, तो ए. एस. हॉर्नबी हा पामरचा टोकिओतील सहकारी. इंग्रजी वाक्यसाच्यांवरील त्याचे पुस्तक १९५४ चे आहे. कोष्टकाचे गणित सोपे आहे. सहा कर्ते आणि दहा नामे एका साच्यात घातली की साठ वाक्ये तयार होतात आणि त्यांतील एकही वाक्य विद्यार्थ्याला पाठ करावे लागत नाही.

ही पद्धत किती उपयोगी पडते आणि कोठे थांबते, हे पाहण्यास फिनिश भाषा हे चांगले उदाहरण आहे. सुमारे ५६ लाख लोकसंख्येच्या फिनलंडमध्ये फिनिश व स्वीडिश या दोन राष्ट्रीय भाषा आहेत. फिनिश ही एस्टोनियनची निकटची व हंगेरियनची दूरची नातलग असून युरोपातील बहुतेक भाषांच्या कुळाशी तिचा संबंध नाही. नोकरी, उच्च शिक्षण किंवा विवाह या निमित्तांनी तेथे राहावयास गेलेल्या भारतीयांत मराठी कुटुंबेही आहेत. संगणक कंपनीच्या कचेरीत इंग्रजीवर निभावते. परंतु रुग्णालयात, वृद्धाश्रमात, बालवाडीत किंवा दुकानात काम करणाऱ्याचे फिनिशवाचून अडते. नागरिकत्वासाठी तर सर्वसाधारणपणे राष्ट्रीय भाषा परीक्षेत सहांपैकी किमान तिसऱ्या पातळीचे फिनिश वा स्वीडिश सिद्ध करावे लागते. इंजिनियर पतीबरोबर गेलेल्या सुशिक्षित पत्नीस स्वतःच्या पायावर उभे राहावयाचे असेल, तर तिचा मार्ग बहुधा याच भाषेतून जातो.

फिनिश अवघड असल्याची ख्याती मोठी आहे. नामाला पंधरा विभक्ती आहेत, एवढे ऐकूनच अनेकांचा धीर सुटतो. त्यातून ‘रामः रामौ रामाः’च्या चालीवर विभक्तींचे तक्ते घोकण्याचा प्रयत्न केला, तर तक्ता पाठ होतो आणि भाषा दूरच राहते. पण ही ख्याती प्रामुख्याने इंग्रजी भाषकांनी पसरविलेली आहे, हे लक्षात घेण्याजोगे आहे. मराठी विद्यार्थी इंग्रजी माध्यमाच्या पुस्तकांतून फिनिश शिकतो आणि इंग्रजी भाषकाच्या अडचणी विनाकारण आपल्या डोक्यावर घेतो. फिनिश वाक्याची चौकट मराठीच्या शेजारी ठेवून पाहिली, तर चित्र पुष्कळच बदलते. (पुढील फिनिश शब्द उच्चारानुसार देवनागरीत दिले असून लांबणारा स्वर अवग्रहाने दाखविला आहे.)

माझ्यापाशी आहे

इंग्रजीत मालकी दाखविणारे स्वतंत्र क्रियापद आहे. ते मराठीत नाही, तसेच फिनिशमध्येही नाही. ‘मिनुल्ला ओन किर्या’ याचा शब्दशः अर्थ ‘माझ्यापाशी आहे पुस्तक’. ‘मिनुल्ला’तील शेवटचा ‘ल्ला’ हा प्रत्यय आपल्या ‘पाशी’चे काम करतो. हा साचा फिनिशमधील सर्वांत उपयुक्त साचा म्हणावा लागेल. ‘मिनुल्ला’च्या जागी ‘सिनुल्ला’ घातले की तुझ्यापाशी, ‘हॅनेल्लॅ’ घातले की त्याच्यापाशी किंवा तिच्यापाशी. कारण फिनिशमध्ये तो आणि ती यांना एकच शब्द आहे. शेवटच्या जागी ‘कुऽमे’ घातले की ताप, ‘नॅल्कॅ’ घातले की भूक, ‘काक्सि लास्ता’ घातले की दोन मुले.

गंमत अशी की येथे मराठीच अधिक गुंतागुंतीची ठरते. मराठीत पुस्तक ‘माझ्याकडे’ असते, पैसे ‘माझ्यापाशी’ असतात, ताप ‘मला’ असतो, भूक ‘मला’ लागते. फिनिश या सर्वांना एकाच साच्यात बसविते. मराठी विद्यार्थ्याने इंग्रजीचा वळसा टाळला, तर त्याला येथे नवे असे फारसे शिकावयाचे उरत नाही; फक्त आपले चार साचे एकात मिळवावयाचे असतात.

नकाराचा साचा तर अधिकच ओळखीचा आहे. मराठीत ‘मी जात नाही, तू जात नाहीस, ते जात नाहीत’ असे म्हणताना ‘जात’ हे रूप तसेच राहते व पुरुष-वचनाचा भार ‘नाही’ उचलतो. फिनिशमध्ये नेमके हेच घडते : ‘एन मेने, एत मेने, एइ मेने, एम्मे मेने, एत्ते मेने, एइवॅत मेने’. ‘मेने’ स्थिर, नकार चालतो. इंग्रजी पुस्तके या ‘नकारार्थी क्रियापदा’ची ओळख एखाद्या दुर्मिळ प्राण्यासारखी करून देतात. मराठी वाचकाने ते पान शांतपणे उलटावे.

तिसरा साचा गरजेचा. ‘मिनुन पितॅऽ मेन्नॅ’ म्हणजे मला जायला हवे. मराठीत ‘मला, तुला, आम्हांला’ बदलते आणि ‘हवे’ तसेच राहते. फिनिशमध्येही ‘मिनुन, सिनुन, मेइदॅन’ बदलते आणि ‘पितॅऽ’ हलत नाही. भेद एवढाच की मराठीत येथे चतुर्थी येते, फिनिशमध्ये षष्ठी.

स्थानदर्शक साच्यांत साम्याबरोबर सापळाही आहे. मराठीत ‘-त’ आणि ‘-तून’ ही आतल्या जागेची जोडी, तर ‘-वर’ आणि ‘-वरून’ ही पृष्ठभागाची. फिनिशमध्येही अशाच आतल्या व बाहेरच्या दोन मालिका आहेत. मात्र मराठीत ‘दुकानात आहे’ आणि ‘दुकानात जातो’ या दोन्हींना एकच प्रत्यय चालतो. फिनिशला तो चालत नाही. ‘ओलेन काउपास्सा’ म्हणजे मी दुकानात आहे, ‘तुलेन काउपास्ता’ म्हणजे दुकानातून येतो आणि ‘मेनेन काउप्पाऽन’ म्हणजे दुकानात जातो. येथे कोष्टकाचा सराव खऱ्या अर्थाने हवा. दुकानाच्या जागी शाळा घालावी (कोउलुस्सा, कोउलुस्ता, कोउलुऽन), बँक घालावी (पांकिस्सा, पांकिस्ता, पांक्किऽन), इस्पितळ घालावे (साइराऽलास्सा, साइराऽलास्ता, साइराऽलाऽन). आठवडाभरात कान तयार होतो. ‘काउप्पा’तील जोडाक्षर ‘काउपास्सा’त सुटे का झाले, हा प्रश्न ‘दूध’चे ‘दुधात’ आणि ‘रस्ता’चे ‘रस्त्यात’ करणाऱ्यास फार छळू नये. सामान्यरूपाची कल्पना मराठी माणसाच्या अंगवळणी पडलेली असते. प्रत्ययाचा स्वर शब्दाच्या स्वराप्रमाणे बदलतो, हे मात्र नवे आहे : घरात म्हणजे ‘तालोस्सा’, पण जंगलात म्हणजे ‘मेत्सॅस्सॅ’. हा नियम वाचून समजतो. पण तो जिभेवर बसतो तो साच्यातूनच.

साचा जेथे अपुरा पडतो

आता दुसरी बाजू. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात व नंतर अमेरिकेत साच्यांच्या सरावाचा इतका अतिरेक झाला की भाषा म्हणजे सवयींचा संच, असेच मानले जाऊ लागले. नोम चॉम्स्की यांनी १९५९ मध्ये स्किनर यांच्या वर्तनवादी भाषाविचारावर केलेल्या टीकेने या समजाला मोठा धक्का दिला. भारतातही रचनात्मक अभ्यासक्रमाचा दीर्घ अनुभव घेतल्यानंतर एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिणेतील शाळांत, साच्यांचा क्रम बाजूला ठेवून केवळ उद्दिष्टपूर्ण कामांतून इंग्रजी शिकविण्याचा प्रयोग केला. ज्या शिक्षकांनी चाळीस मुलांकडून एकसुरात वाक्ये म्हणवून घेतली आहेत, त्यांना या टीकेतील तथ्य वेगळे सांगावयास नको. तोंड चालू असते. मन भलतीकडेच असते.

फिनिशमध्ये हा दोष एका ठिकाणी उघडा पडतो. एखादी क्रिया पूर्ण झाली की अंशतः झाली, हे मराठी बहुधा क्रियापदातून सांगते : ‘पुस्तक वाचून काढले’ किंवा ‘पुस्तक वाचत होतो’. फिनिश हा भेद कर्माच्या प्रत्ययाने करते. ‘लुइन किर्यान’ म्हणजे पुस्तक वाचून संपविले, ‘लुइन किर्याऽ’ म्हणजे वाचत होतो. क्रियापद दोन्हीकडे तेच आहे. वृद्धाश्रमातील परिचारिकेने पाळी संपविताना ‘हॅन योइ माइदोन’ असे सांगितले, तर आजींनी दूध सगळे घेतले असा अर्थ होतो. ‘हॅन योइ माइतोआ’ म्हटले, तर थोडे घेतले, पेल्यात उरले असावे. पुढच्या पाळीतील परिचारिका त्या एका प्रत्ययावर विसंबून राहणार असते. दोन्ही वाक्ये व्याकरणदृष्ट्या निर्दोष असल्याने कोष्टक येथे मुळीच मदत करीत नाही. कोणते निवडावयाचे, हे पेल्याकडे पाहूनच ठरते.

म्हणून साच्याचा सराव अर्थाला बांधलेला असला पाहिजे. रिकाम्या जागी पुस्तकातला शब्द घालण्याऐवजी त्या दिवशी खरोखर घडलेली गोष्ट घालावी : आज कोठे गेलो, घरात काय आहे, काय संपले. ‘मिनुल्ला ओन कुऽमे’ हे वाक्य ताप नसताना वीस वेळा म्हणण्यापेक्षा दवाखान्यात एकदा म्हटलेले अधिक पक्के बसते. तसेच नकाराचा साचा होकाराच्या साच्याबरोबरच घ्यावा. कारण ‘मिनुल्ला ओन किर्या’चा नकार ‘मिनुल्ला एइ ओले किर्याऽ’ असा होतो व नामही रूप बदलते. एकच बाजू घोकलेल्या विद्यार्थ्याची नेमकी येथे चूक होते.

आणखी एक अडचण पुस्तके बहुधा उशिरा सांगतात. लेखी फिनिश व बोलीतील फिनिश यांत बरेच अंतर आहे. वर्गात ‘मिनुल्ला ओन’ शिकलेल्या माणसाला बसमध्ये ‘मुल्ला ओन’ ऐकू येते आणि आपली मेहनत वाया गेली असे वाटू लागते. साचा तोच असतो. केवळ शब्द झिजलेले असतात. तेव्हा प्रत्येक साचा दोन्ही रूपांत ऐकावा. लिहिताना आणि परीक्षेसाठी मात्र पूर्ण रूपच वापरावे.

प्रारंभ कोणत्या साच्याने करावा, याविषयी मतभेद होऊ शकतात. ज्याला नव्या गावी एकट्याने वावरावयाचे आहे, त्याला ‘मितॅ तॅमॅ ओन सुओमेक्सि?’ हा प्रश्न पहिल्याच दिवशी दिलेला बरा. हे फिनिशमध्ये काय, एवढाच त्याचा अर्थ. दुकानात पावाकडे बोट दाखवून तो विचारला की ‘से ओन लेइपॅ’ असे उत्तर येते आणि दुसऱ्या दिवशी तोच शब्द घेऊन ‘ओत्ताइसिन लेइपॅऽ’, म्हणजे थोडा पाव हवा होता, असे म्हणता येते.